कॉर्नरबॅक कसा पारखावा: ड्राफ्टआधी टेप बघणाऱ्यांसाठी

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास झेलणाऱ्या रिसीव्हरला अडवणारा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक, थोडक्यात कॉर्नर. एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये कॉलेजचे खेळाडू फेरीफेरीने निवडतात, आणि त्याआधी कंबाइनमध्ये या खेळाडूंची मोजमापं आणि चाचण्या होतात. २०२२ च्या मार्चमध्ये इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये बेलर विद्यापीठाचा केलन बार्न्स ४० यार्ड ४.२३ सेकंदांत धावला. इतका वेगवान कॉर्नरबॅक तिथल्या इलेक्ट्रॉनिक घड्याळाने तोवर पाहिला नव्हता. त्याच कंबाइनमध्ये युटीएसए या टेक्सासमधल्या विद्यापीठाचा ६ फूट ४ इंच उंचीचा तारिक वूलन ४.२६ धावला. ड्राफ्टमध्ये वूलन पाचव्या फेरीत १५३ वा गेला आणि बार्न्स सातव्या फेरीत २४२ वा. पहिल्याच मोसमात वूलनने सिएटलकडून ६ इंटरसेप्शन घेतली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे सहा पास मध्येच झेलले, आणि लीगमध्ये संयुक्त पहिला आला. बार्न्सला कॅरोलायनाने मोसम सुरू होण्याआधीच सोडून दिलं.

दोघेही वाऱ्यासारखे पळणारे. फरक टेपमध्ये, म्हणजे सामन्यांच्या चित्रणात होता आणि शरीराच्या ठेवणीत होता. ड्राफ्टच्या चर्चेत मात्र दरवर्षी आधी घड्याळ येतं, मग इंटरसेप्शनचा आकडा येतो, आणि बहुतेकांचं परीक्षण तिथेच संपतं. माझी पद्धत वजाबाकीची आहे. कॉलेजच्या नियमांनी, मैदानाने आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्या पोराला दिलेल्या सवलती एकेक करून वजा करायच्या, आणि जे उरेल त्यावर शेरा लिहायचा. हे काम वेळखाऊ आहे. एका खेळाडूवर नीट मत बनवायला चार-पाच सामने तरी लागतात.

पायरी पहिली: सवलतींची यादी करा

टेप लावण्याआधी दोन्ही खेळांतले नियम शेजारी शेजारी लिहून घ्या.

मैदान दोन्हीकडे सारखंच, १६० फूट रुंद. पण हॅशच्या खुणा, म्हणजे प्रत्येक डाव ज्यांच्या दरम्यान सुरू होतो त्या रेघा, वेगळ्या. एनएफएलमध्ये दोन हॅशमधलं अंतर १८ फूट ६ इंच, कॉलेजात ४० फूट. म्हणजे कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की जवळच्या बाजूला ६० फूट मैदान उरतं आणि लांबच्या बाजूला १००. अरुंद बाजूच्या कॉर्नरला साइडलाइनची मोठी मदत होते, कारण रिसीव्हरला वळायला जागाच कमी. रुंद बाजूच्या कॉर्नरला जागा जास्त राखावी लागते, पण तिकडे फेकलेला चेंडू बराच वेळ हवेत राहतो. पास फेकणारा तो क्वार्टरबॅक. कॉलेजातल्या बेताच्या हाताच्या क्वार्टरबॅकने आउट रूटवर, म्हणजे साइडलाइनकडे वळणाऱ्या रिसीव्हरकडे, टाकलेला असा पास अर्धं पाऊल उशीर झालेल्या कॉर्नरलाही गाठता येतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ मधूनच सुटतो आणि फेकणाऱ्याचा हातही तगडा असतो. तिथे ते अर्धं पाऊल म्हणजे समोरच्या संघाला पहिला डाउन, नव्याने चार प्रयत्न. म्हणून प्रत्येक स्नॅपला, म्हणजे डाव सुरू होताना, चेंडू कुठल्या हॅशवर होता आणि आपला माणूस रुंद बाजूला होता की अरुंद, हे आधी लिहा.

दुसरी सवलत हातांची. कॉलेजात चेंडू हवेत सुटेपर्यंत समोरच्या रिसीव्हरला हाताने अडवायला बरीच मोकळीक आहे. एनएफएलमध्ये ५ यार्डांपलीकडे हात लावला की इल्लीगल कॉन्टॅक्ट, ५ यार्डांचा दंड आणि वर आपोआप पहिला डाउन. हा नियम १९७८ चा. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट रिसीव्हरांना मैदानभर ढकलत न्यायचा, त्यामुळे आजही हा नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो. कॉलेजच्या टेपवर बारा यार्डांवर रिसीव्हरच्या कमरेवर हात ठेवून धावणारा कॉर्नर दिसला की त्याची घट्ट चिकटलेली कव्हरेज, म्हणजे रिसीव्हरवरचा पहारा, पाहून हुरळून जाऊ नका. तो हात काढून घेतला तर तो किती मागे पडेल, हे बघायचं.

तिसरी दंडाची. कॉलेजात पास इंटरफिअरन्सचा, म्हणजे पास हवेत असताना रिसीव्हरला अडवल्याचा, दंड जास्तीत जास्त १५ यार्ड. एनएफएलमध्ये जिथे चूक झाली तिथे चेंडू. चाळीस यार्डांच्या लांब पासवर मात खाल्लेला कॉलेजचा कॉर्नर शहाणपणाने रिसीव्हरला धरून पाडतो आणि १५ यार्डांवर सुटतो. हाच शहाणपणा एनएफएलच्या रविवारच्या सामन्यात चाळीस यार्डांना पडतो.

उलट बाजूची एक गोष्टही नोंदवा, कारण ती सगळे विसरतात. कॉलेजात झेल पूर्ण व्हायला एक पाय आत पुरतो, एनएफएलला दोन लागतात. साइडलाइनवर दिलेले काही झेल वरच्या लीगमध्ये अपूर्ण ठरले असते. तिथे कॉर्नरच्या खात्यात थोडं परत जमा करा.

पायरी दुसरी: सामने निवडा

हायलाइट्सच्या चित्रफिती बंद. त्यात फक्त चेंडू आलेले स्नॅप असतात, तेही तो जिंकलेले.

संघांकडे मैदानावरचे बावीसही खेळाडू दिसतील अशी ऑल-ट्वेंटीटू टेप असते. कॉलेजच्या सामन्यांची तशी टेप आपल्याला सहसा मिळत नाही, टीव्हीवरच्या प्रक्षेपणावर भागवावं लागतं. त्यात कॅमेरा क्वार्टरबॅककडे असतो आणि पंधरा यार्ड गेला की कॉर्नर चौकटीबाहेर. उपाय एवढाच, की रीप्ले सोडायचे नाहीत आणि एंडझोनमागच्या कॅमेऱ्याचा कोन मिळेल तिथे थांबायचं. रेड झोनमधले, म्हणजे एंडझोनआधीच्या शेवटच्या वीस यार्डांतले, स्नॅप तर सोन्यासारखे, कारण मैदान आखूड झाल्यामुळे सगळे चौकटीतच राहतात. जे दिसलं नाही त्याच्यापुढे रिकामी जागा सोडा.

एक सामना त्या मोसमातल्या सर्वोत्तम रिसीव्हरविरुद्धचा घ्या, एक त्याचा सर्वांत वाईट सामना, एक परक्या मैदानावरचा. एक आदल्या वर्षीचा, सुधारणा मोजायला. छोट्या कॉन्फरन्समधला, म्हणजे कॉलेज संघांच्या दुबळ्या गटातला खेळाडू असेल तर त्याचा मोठ्या संघाशी पडलेला एकुलता एक सामना दोनदा बघा. अहमद 'सॉस' गार्डनरने सिनसिनाटीच्या संपूर्ण कारकिर्दीत आपल्यावर एकही टचडाउन, म्हणजे एंडझोनमध्ये चेंडू नेऊन मिळणारे गुण, होऊ दिलं नव्हतं, तरी 'समोर होतं कोण' ही शंका होतीच. त्यामुळे २०२१ च्या अखेरीस अलाबामाविरुद्ध झालेली उपांत्य लढत त्याच्या बाबतीत बाकी मोसमाइतकीच मोलाची ठरते. पुढे न्यूयॉर्क जेट्सने त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं आणि तो वर्षाचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला.

पायरी तिसरी: एक स्नॅप तीनदा

खरं काम इथेच आहे. एकाच वेळी सगळं बघायला गेलं की डोळा आपोआप चेंडूमागे जातो. म्हणून प्रत्येक पासचा स्नॅप तीन वेळा फिरवायचा.

पहिल्यांदा फक्त पाय. कॉर्नर प्रेसमध्ये, म्हणजे रिसीव्हरच्या नाकासमोर उभा असेल, तर स्नॅपनंतरचं पहिलं पाऊल कुठे पडतं? कच्चा कॉर्नर पुढे झेपावतो, वजन अंगठ्यांवर जातं, रिसीव्हर खांदा चुकवून निघून जातो. दुसऱ्या प्रकारचा कच्चा कॉर्नर घाबरून लगेच मागे सरकतो आणि रिसीव्हरला फुकटचे दोन यार्ड देतो. चांगला कॉर्नर जागच्या जागी छोटी पावलं टाकत, रिसीव्हर खरोखर निघेपर्यंत थांबतो. मग हात. रिसीव्हर कॉर्नरच्या डावीकडून निघाला तर डावी कंबर उघडायची आणि ठोसा उजव्या हाताने द्यायचा. त्याच बाजूचा हात पुढे गेला की खांदा अडतो, कंबर उघडत नाही आणि पोरगा आडवा पळू लागतो. टेप थांबवून हात कोणता ते बघा. शिकवलेला कॉर्नर आणि नुसता अंगभूत ताकदीवर खेळणारा कॉर्नर यांतला फरक या एका चौकटीत दिसतो.

कॉर्नर सात-आठ यार्ड मागे असेल तर बॅकपेडल बघा. कंबर खाली आहे का, की तो ताठ उभा राहून मागे पळतोय? रिसीव्हरने कर्ल किंवा कमबॅक या मागे वळणाऱ्या रूटसाठी ब्रेक लावला की कॉर्नरचा पाय रोवला जातो. तिथपासून पुढे सुटेपर्यंत पावलं मोजा. रोवला आणि सुटला, उत्तम. मध्ये दोन-तीन तडतडी पावलं पडली तर एनएफएलचा क्वार्टरबॅक तेवढ्यात चेंडू पोचवून मोकळा होतो.

दुसऱ्यांदा कंबर. स्काउटांचा सगळा जीव इथे अडकलेला असतो. एका बाजूला उघडलेली कंबर दुसऱ्या बाजूला वळवावी लागते तेव्हा वेग किती मरतो? पोस्ट-कॉर्नर, स्लगो असे दुहेरी चकव्याचे रूट शोधून काढा. आणि तो फसतो तेव्हा कशामुळे फसतो हेही बघा. कबड्डीत कोपरा सांभाळणारा मुरलेला खेळाडू चढाईपटूच्या हातवाऱ्यांना भुलत नाही, त्याचं लक्ष पायांवर आणि कमरेवर असतं. इथेही तसंच आहे. रिसीव्हरच्या डोक्याच्या आणि खांद्याच्या हुलकावणीला जो दर खेपेला बळी पडतो, त्याची अडचण वेगाची नसून नजरेची असते, आणि ती सरावाने बरीच सुटते. ताठ कंबर मात्र मी आजवर फारशी सुटलेली पाहिलेली नाही.

तिसऱ्यांदा डोळे. मॅन कव्हरेजमध्ये, म्हणजे एका रिसीव्हरमागे राहताना, नजर रिसीव्हरवर हवी, झोनमध्ये, म्हणजे मैदानाचा ठरलेला भाग राखताना, क्वार्टरबॅकवर, आणि रिसीव्हरची चाहूल मात्र लागलेली हवी. झोनमधल्या कॉर्नरने आपल्या भागात कोणी नाही म्हणून निवांत उभं राहणं ही कॉलेजच्या टेपवरची नेहमीची गोष्ट. चांगला कॉर्नर तेवढ्यात मागे सरकत दुसऱ्या रूटच्या वाटेत जातो. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फियाच्या कूपर डीजीनने दबावाखालच्या पॅट्रिक महोम्सचा पास हेरला आणि ३८ यार्ड पळत टचडाउन केलं, तेही आपल्या बाविसाव्या वाढदिवशी. आयोवात तो भरपूर झोन खेळलेला होता, आणि ही नजर तिथल्या टेपवर आधीच दिसत होती.

प्रत्येक स्नॅपपुढे शेवटी एकच अक्षर लिहा: जि किंवा ह. जिंकला की हरला. चेंडू त्याच्याकडे आला की नाही, हे वेगळ्या रकान्यात. तीन यार्डांनी मात खाल्ली आणि क्वार्टरबॅकला ते दिसलंच नाही, तरी 'ह'. कव्हरेज निर्दोष होती आणि वरून अचाट झेल घेतला गेला, तरी 'जि'. दोन सामन्यांनंतर हा रकाना आणि बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता, समोरासमोर ठेवलेत, तर मजा येईल.

पायरी चौथी: चेंडू हवेत असताना

खांद्याला खांदा लावून पळत असलेला कॉर्नर 'फेज'मध्ये आहे असं म्हणतात. तेव्हा त्याने मान वळवून चेंडू शोधायचा. मागे पडला असेल तर चेंडू शोधायचा नाही, रिसीव्हरचे हात बघायचे आणि ते वर गेले की त्यांच्यामधून हात घालायचा. बरेच जण नेमकं उलटं करतात: मागे असताना मान वळवतात, वेग मरतो आणि चेंडू डोक्यावरून जातो. किंवा फेजमध्ये असूनही घाबरून हात टाकतात आणि दंड ओढवून घेतात.

अलाबामाच्या मार्लन हम्फ्रीबद्दल २०१७ मध्ये हीच तक्रार होती, लांबच्या पासवर चेंडू सापडत नाही. बाल्टिमोरने तरीही त्याला सोळावा घेतला आणि २०१९ मध्ये तो ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात आला. म्हणून या दोषावर मी खेळाडूला थोडं खाली सरकवतो, बाद करत नाही. जागेवर वेळेत पोचणं अवघड. पोचलेल्या माणसाला मान कधी वळवायची ते शिकवता येतं.

आता इंटरसेप्शन. हा आकडा वर्षागणिक वरखाली होतो, कारण त्यात उडालेले चेंडू, वाईट क्वार्टरबॅक आणि नशीब मिसळलेलं असतं. २०२१ मध्ये डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्जने ११ घेतली, १९८१ नंतरची एका मोसमातली सर्वाधिक. त्याच मोसमात त्याच्यावर हजाराहून जास्त यार्डही निघाले. तो वाईट नव्हता, जुगार खेळत होता. असा कॉर्नर हवा की नको, हे तुमच्या सेफ्टीवर, म्हणजे त्याच्या मागे राखण करणाऱ्या बचावपटूवर अवलंबून.

पण खरा धडा २०२३ चा. मिसिसिपी स्टेटच्या इमॅन्युएल फोर्ब्सची कारकिर्दीत १४ इंटरसेप्शन, त्यांतली ६ थेट टचडाउनपर्यंत नेलेली, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागातला विक्रम. ४० यार्ड ४.३५. कंबाइनमध्ये वजन भरलं १६६ पाउंड, म्हणजे जेमतेम ७५ किलो. वॉशिंग्टनने त्याला सोळावा निवडला. लगेच पुढच्या, सतराव्या निवडीवर न्यू इंग्लंडने ओरेगनचा ख्रिश्चन गोन्झालेझ घेतला. उंची ६ फूट १ इंच, वेग ४.३८, आणि खात्यात फक्त ४ इंटरसेप्शन, तीही शेवटच्या मोसमातली. ऑक्टोबर उजाडला आणि फिलाडेल्फियाच्या ए. जे. ब्राउनने वॉशिंग्टनविरुद्ध ९ झेल, १७५ यार्ड आणि २ टचडाउन अशी लूट केली. त्यानंतर चारच दिवसांनी शिकागोच्या डीजे मूरने ८ झेलांत २३० यार्ड आणि ३ टचडाउन. फोर्ब्सला त्याच सामन्यात बाकावर बसवलं गेलं आणि दुसरा मोसम संपण्याआधी संघाने त्याला सोडलं. कॉलेजात त्याचे हात जिथे पोचत होते, तिथे सव्वादोनशे पाउंडांचा ब्राउन आधीच अंग घालून उभा होता. गोन्झालेझ २०२४ मध्ये ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात आला.

पायरी पाचवी: फुटपट्टी, काटा, घड्याळ

इथवर टेप झाली असेल तरच कंबाइनचे आकडे उघडा. आधी उघडलेत तर टेपवर तेच दिसू लागतं.

हातांची लांबी उंचीइतकीच महत्त्वाची, कारण चेंडूला हातच लागतो. साधारण ३१ इंच ठीक मानतात. सिएटलला पीट कॅरल यांच्या काळात ३२ च्या खालचे हात आवडत नसत. रिचर्ड शर्मन (२०११, पाचवी फेरी, १५४ वा, स्टॅनफर्डला आधी रिसीव्हर) याच मापात बसलेला. ४० यार्ड त्याला ४.५० पेक्षा जास्तच लागले होते. पण वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ट्रेंट मॅकडफीचे हात ३० इंचसुद्धा नव्हते, आणि कॅन्सस सिटीकडून २०२३ मध्ये तो पहिल्या संघाचा ऑल-प्रो झाला. त्याच्या टेपवर वाया गेलेलं पाऊल सापडणं मुश्कील होतं. आखूड हातांना चुका परवडत नाहीत एवढाच याचा अर्थ. वजन १८० पाउंडांच्या खाली असेल तर मात्र मी पेन खाली ठेवतो आणि त्याचे प्रेसचे सगळे स्नॅप पुन्हा बघतो.

४० यार्डांच्या धावेत पहिले १० यार्ड वेगळे बघा, कॉर्नरचा रोजचा संबंध त्यांच्याशी. शॉर्ट शटल आणि थ्री-कोन या दिशाबदलाच्या चाचण्या कॉर्नरसाठी सर्वांत बोलक्या, आणि हल्ली नेमक्या त्याच खूप जण टाळतात. टाळल्या तर टेपवरच्या कमरेच्या नोंदी दुप्पट काळजीने वाचा. प्रो-डेचा वेळ स्वतःच्या विद्यापीठात, हाताने मोजलेला असतो. त्यात काही शतांश मिळवूनच धरा. आणि हळू धावला म्हणून फुली मारू नका: जॉश नॉर्मन २०१२ मध्ये ४.६६ धावला, पाचव्या फेरीत गेला, २०१५ मध्ये ऑल-प्रो होता. झोनमध्ये, नजर समोर ठेवून खेळणाऱ्याला ते चाललं.

कंबाइनमधल्या चेंडूच्या कवायतींवर फार वेळ घालवू नका. समोर रिसीव्हरच नसतो.

टॅकलिंगबद्दल थोडक्यात: चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक कॉर्नरच्या बाजूला आला की कॉर्नर ब्लॉक तोडायला जातो की ब्लॉकला आनंदाने चिकटून राहतो, एवढं पाहा. चुकलेला टॅकल मी माफ करतो, टाळलेला करत नाही.

पायरी सहावी: कुठे खेळवणार?

नुसती श्रेणी लिहून भागत नाही. टोलीडोचा क्विन्यॉन मिचेल कॉलेजात बराचसा मागे उभा राहून, नजर क्वार्टरबॅकवर ठेवून खेळलेला. २०२२ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध एकाच सामन्यात ४ इंटरसेप्शन, पण मॅन कव्हरेजचा पुरावा थोडा. हा प्रश्न मोबाइल शहरातल्या सीनियर बोलच्या, म्हणजे ड्राफ्टआधीच्या कॉलेज खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या, सरावांत सुटला. तिथे एकास एक कवायतीत पळवाट नसते. त्या कवायती रिसीव्हरच्या सोयीच्या असतात, कारण पास रश, म्हणजे क्वार्टरबॅकवर चालून जाणारे बचावपटू, नसतो आणि क्वार्टरबॅकला हवा तेवढा वेळ मिळतो. म्हणून तिथे हरणं फार मनावर घ्यायचं नाही, जिंकणं मात्र घ्यायचं. फिलाडेल्फियाने त्याला २०२४ मध्ये बाविसावा घेतला, आणि दुसऱ्या फेरीत, चाळीसावा, डीजीनला. डीजीन कॉलेजात बाहेरच्या बाजूचा. पायाच्या मोडलेल्या हाडामुळे त्याला कंबाइनमध्ये धावताही आलं नव्हतं. संघाने त्याला निकेलला, म्हणजे आतल्या स्लॉट रिसीव्हरसमोर लावला. आज बहुतेक संघ निम्म्याहून अधिक स्नॅप पाच बचावपटू मागे ठेवून खेळतात, त्यामुळे निकेलला दुय्यम समजायचे दिवस गेले. त्या जागी साइडलाइनची मदत नाही, दोन्ही बाजूंना वळायला मोकळी जागा, आणि वर रन अडवायची जबाबदारी. बाहेर हरणारा प्रत्येक कॉर्नर 'आत चालेल' असं लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुखापतींबाबत संघांना कंबाइनची वैद्यकीय तपासणी असते, आपल्याला नसते. आपल्या हातात इतकंच की मोसमनिहाय टेप वेगळी ठेवायची. डेरेक स्टिंगलीने २०१९ मध्ये, पहिल्याच वर्षी, एलएसयूच्या विजेत्या संघाकडून ६ इंटरसेप्शन घेतली. २०२१ मध्ये पावलाच्या दुखापतीने तो तीनच सामने खेळला. ह्यूस्टनने २०२२ मध्ये त्याला तिसरा घेतला, गार्डनरच्याही आधी, तेव्हा बऱ्याच भुवया उंचावल्या होत्या. २०२४ मध्ये तो ऑल-प्रो झाला. निरोगी असतानाचं वर्ष आणि दुखापतीचं वर्ष यांची सरासरी काढली असती तर दोन्हीकडून चुकलंच असतं.

पायरी सातवी: कागद बंद करा

ड्राफ्टची पहिली फेरी भारतात शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. गुरुवारी रात्री झोपण्याआधी प्रत्येक कॉर्नरचा शेरा चार ओळींत लिहून ठेवा: कुठल्या बाजूला आणि किती अंतरावरून जिंकतो, काय शिकवता येईल, काय शिकवता येणार नाही, कुठली कव्हरेज खेळणाऱ्या संघात बसेल. फेरीचा अंदाज शेवटी, एका आकड्यात. निवड जाहीर झाल्यावर त्या कागदावर खाडाखोड नको. संघाचं नाव आणि त्याची कव्हरेज तेवढी शेजारी लिहा.

मग ऑगस्टमध्ये सरावसामने सुरू झाले की पहिल्या दोन सामन्यांत तो कुठे उभा राहतो ते बघा. प्रेसला की आठ यार्ड मागे, डावीकडे की आत, आणि सहाव्या यार्डाला त्याचा हात रिसीव्हरच्या अंगावर आहे की नाही. समोरचे रिसीव्हर बहुतेक तिसऱ्या फळीतले असतील, तेव्हा 'जि' लिहिताना हात जरा आखडताच ठेवा.